गटाराचे पैसे आणि माझं गाजलेलं भाषण

आमच्या गल्लीत मला मान आहे तो वयामुळे नाही. वय काय, गल्लीत आणखी चौघींचं झालंय. मान आहे तो चाळीसेक वर्षांपूर्वी केलेल्या एका भाषणामुळे. निदान गेल्या वर्षापर्यंत माझी तशी समजूत होती.

कुंभकोणमहून दारासुरमला जाणारी टाउन बस जिथे वळते, तिथे आमची गल्ली लागते. आता तिला सगळे जुनी वस्ती म्हणतात. आम्ही घर बांधलं तेव्हा इथे भाताची खाचरं होती आणि आम्ही पाच-सहा घरं नवखी होतो. आमच्या पाठीमागे रेशीम विणणाऱ्यांची आळी. ती खरी जुनी. त्यांच्याकडे नळ होता, आमच्याकडे नव्हता. नळ पुढे आणायचा तर पाइपाचे पैसे या नव्या घरांनी वेगळे भरावेत, असं आळीचं म्हणणं. आम्ही पिढ्यान् पिढ्या घरपट्टी भरतो, हे काल आले आणि आज पाणी मागतात, असं ते चारचौघांत बोलत. शेवटी शाळेत सभा बोलावली गेली.

मी तेव्हा तिशीची. बी. ए. झालेली आणि ते दिवसातून एकदा तरी कुणाला तरी सांगणारी. आमचे हे सरकारी कचेरीत, बोलायला मोजके. तेव्हा बोलायचं काम मी माझ्याकडे घेतलं, कुणी दिलेलं नसताना. आठवडाभर आरशासमोर सराव केला. सभेला लग्नातला तिरुभुवनमचा शालू नेसून गेले, चैत्राच्या उकाड्यात, पत्र्याच्या शाळेत. एखाद्या राणीने तह करायला जावं तसा माझा थाट. घामाने पदर पाठीला चिकटला होता, पण मान ताठ. मी बोलले, हात वर केले, टेबलावर मूठ आपटली, आणि सभा संपली तेव्हा नळ मंजूर. वेगळे पैसे नाहीत.

त्यानंतर हे भाषण मी किती ठिकाणी सांगितलं असेल! बारशाला सांगितलं, गोविंदपुरमच्या भजनाला जाताना बसमध्ये सांगितलं, सुनेला ती लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सांगितलं. चेन्नईची माझी नात तर मी सुरू केलं की पुढचं सांगते, "आता तू मूठ आपटलीस ना, आज्जी?"

आता नव्या गोष्टीकडे येते.

आमच्या गल्लीच्या पलीकडे जी खाचरं उरली होती तीही गेली. एका बिल्डरने ती घेतली, दगड रोवून प्लॉट पाडले, कमान उभी केली आणि कमानीवर 'नगर' लिहिलं. खाचरांच्या कडेने एक वाय्काल जात होता. वाय्काल म्हणजे शेताला पाणी देणारा पाट. आमच्या गल्लीचं पावसाचं पाणी त्यातूनच अरसलार नदीकडे जायचं. बिल्डरने तो मातीने बुजवून वर रस्ता केला. दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडे खरा पाऊस येतो. तो आला, आणि पाणी जायला वाट नाही म्हणून आमच्या गल्लीतच राहायला लागलं. पहिल्या वर्षी पायरीपर्यंत, दुसऱ्या वर्षी पायरी ओलांडून आत.

गटार बांधायला हवं यावर सगळ्यांचं एकमत. पैसे कुणी द्यायचे यावर दोन मतं. एक मत, सगळ्या वॉर्डाची घरपट्टी थोडी वाढवा. दुसरं मत, नव्या नगरात जो घर बांधेल त्याने नकाशा मंजूर करून घेतानाच चौरस फुटाप्रमाणे विकास शुल्क भरावं. आमची गल्ली अर्थातच दुसऱ्या मताची. घरपट्टी आधीच एकदा वाढली होती. लाल उजेड फेकून माप घेणारं यंत्र घेऊन दोघं आले होते. त्यांनी माझ्या गच्चीवरचा पत्राही मापात धरला. मी म्हटलं, "अरे, ते काय घर आहे? तिथे मी वाळवणं घालते." त्यातला एक म्हणाला, "वाळवणाला छप्पर कशाला लागतं, पाट्टी?" आमच्याकडे आजीला पाट्टी म्हणतात, आणि गच्चीवर चढलेला प्रत्येक माणूस लगेच नातू होतो. पत्रा मापात गेला.

माझ्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत तेव्हा एक जोडपं भाड्याने राहत होतं. दोघंही विणकर. ती पस्तिशीची, हसरी, हाताला सदा रेशमाचे धागे चिकटलेले. नवरा-बायको रोज आळीतल्या एका मालकाच्या घरी त्याच्या मागावर जाऊन विणायची. साडी उतरली की मजुरी, नाही उतरली तर नाही. स्वतःचा माग हवा हे तिचं एकच वेड. आमच्याकडचे माग खड्ड्याचे. जमिनीत खड्डा खणायचा, विणणारा काठावर बसून पाय खड्ड्यात सोडतो, पायाने दाबायच्या पावड्या खाली असतात. राहायला आली त्याच वर्षी तिने मला विचारलं होतं, "पाट्टी, मागच्या खोलीत खड्डा खणू का? जाताना बुजवून देईन." मी नाही म्हटलं. ती फरशी मोझॅकची. हिरव्यात पांढरे ठिपके, बी. ए. झालेल्या बाईने स्वतः निवडलेली. तिशीतली ती बाई पुष्कळ बाबतीत माझ्यातून गेली, पण फरशीच्या बाबतीत जाईना.

मग त्या दोघांनी नव्या नगरात सगळ्यात लहान प्लॉट घेतला. तिचे कानातले गेले, नवऱ्याची मोटारसायकल गेली. नकाशा काढून घेतला. पुढे मागाची खोली, मागे एक राहायची खोली आणि स्वयंपाकघर. रोज संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर बसून हवेत बोटाने भिंती काढायची. "इथे खिडकी, पाट्टी. मागावर उजेड डावीकडून हवा."

विकास शुल्काची चर्चा सुरू झाली आणि बोटाने काढलेल्या भिंती कमी झाल्या. शुल्क पूर्ण बांधकामावर, आणि तेही घर उभं राहायच्या आधी. ती म्हणाली, "मागाची खोली नंतर बघू. आधी डोक्यावर छप्पर तर होऊ दे." नंतर बघू म्हटलेल्या खोल्या मी आयुष्यात पुष्कळ पाहिल्यात. माझ्या स्वतःच्या घरावर मजला चढायचा होता, तो अजून नंतरच आहे.

आता माझी बाजू नीट बघा. विकास शुल्क आलं तर माझी घरपट्टी वाढत नाही. शुल्क आलं तर तिचं घर लांबतं, म्हणजे माझ्या मागच्या खोल्या रिकाम्या होत नाहीत, भाडं चालू राहतं, आणि संध्याकाळी ओट्यावर माणूस असतं. सगळं माझ्या सोयीचं. आणि त्यात समोरचे निवृत्त बँक मॅनेजर येऊन म्हणाले, "अम्मा, रविवारी वॉर्डाची सभा आहे. आपल्या गल्लीतर्फे तुम्हीच बोलायचं. मागच्या वेळी तुम्हीच जिंकून दिलं होतं." ते गृहस्थ मागच्या वेळी इथे राहतही नव्हते. माझ्याच तोंडून ऐकलेलं. पण मला असं काही बरं वाटलं म्हणून सांगू! मी लगेच हो म्हटलं.

पुन्हा आरसा. आरसा तोच, दात तेवढे नवे. नातीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "पण आज्जी, मागच्या वेळी तू याच्या उलट बोलली होतीस ना?"

"मागच्या वेळी मी नवी होते."

"म्हणजे नवं असताना एक आणि जुनं झाल्यावर दुसरं?"

"वकील नाही का करत तसं?"

"वकील पैसे घेतात, आज्जी. तुला मॅनेजर काय देणार आहेत?"

मी म्हटलं, दूध उतू चाललंय. दूध फ्रिजमध्ये होतं.

रविवारी सकाळी साडीच्या निऱ्या तिनेच धरून दिल्या, माझ्या भाडेकरणीने. माझे गुडघे वाकत नाहीत हल्ली. खाली बसल्या बसल्या तिने विचारलं, "पाट्टी, काय बोलणार आहात?" मी म्हटलं, "बघू." तिने नीट चुणी पाडली, वर बघितलं नाही.

सभा लग्नाच्या हॉलमध्ये होती. आदल्या दिवशीच्या लग्नातली केळीचे खांब अजून दाराशी उभे. नगरसेविका माझ्या मुलीच्या वयाची, टेबलामागे बसलेली. डावीकडे आमची गल्ली, उजवीकडे नव्या नगरातले प्लॉटवाले, मागे विणकरांच्या आळीतली जुनी मंडळी. वरपक्ष आणि वधूपक्षासारखे आम्ही बसलो होतो. मॅनेजरांनी प्रस्तावना केली. आमची गल्ली बहुतेक पेन्शनवर जगते, खर्च ज्यांच्यामुळे वाढला त्यांनी तो सोसावा, असं नेमकं आणि नीट बोलले. मग म्हणाले, "आता अम्मा बोलतील."

मी उठले. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि सुरुवात केली. "चाळीस वर्षांपूर्वी अशाच एका सभेत मी बोलले होते..."

"बोलला होता, अम्मा," मागून आवाज आला. आळीतले एक म्हातारे विणकर, तोंडात पान, त्या शाळेतल्या सभेत आमच्या विरुद्ध बाजूला बसलेले. "पण काय बोलला होता ते आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही."

हॉल हसला. मलाही वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मी म्हटलं, "ऐकायला कान लागतात."

"कान होते की, अम्मा. तेव्हा चांगले होते." ते उठून पान गालाशी सारून सांगायला लागले. "पहिली चार वाक्यं तुम्ही तमिळमध्ये बोललात. शाळेच्या पुस्तकातलं तमिळ, फार छान. मग कुणीतरी मागून काहीतरी म्हणालं, तुम्हाला राग आला, आणि तुम्ही तुमच्या घरच्या मराठीत गेलात. ते परत काही आला नाहीत. अर्धा तास! हात वर, टेबलावर मूठ. माझ्या आईला वाटलं तुम्ही स्तोत्र म्हणताय, तिने हात जोडले. कुणी म्हणालं शाप देताय. अध्यक्षांना तंजावरची गाडी गाठायची होती. ते आमच्याकडे वळून म्हणाले, नळ देऊन टाका, पण या बाईंना कुणीतरी खाली बसवा."

आता हॉल कुणाला आवरेना. नगरसेविकेने पदर तोंडाला लावला.

मी उभीच. मला आतून कळलं होतं की हे खरं असणार. आमच्यासारख्या पिढ्यान् पिढ्या इथे राहिलेल्या तंजावरी मराठी घरांत उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर तमिळ, हे मूल चालायला लागायच्या आधी शिकतं. पण राग उंबरा मानत नाही. आजही दूधवाल्याने पाणी घातलं तर मी त्याला मराठीत झापते आणि तो मान हलवून "सरी, पाट्टी" म्हणतो, म्हणजे बरं, आजी. त्यात मी ते भाषण आरशासमोर बसवलं होतं तेही मराठीतच. तमिळ ऐनवेळी करीन म्हणून ठेवलं होतं. एवढी शिकलेली बाई! चाळीस वर्षं मी समजत होते की माझ्या मुद्द्यांपुढे आळी नमली. आळी घाबरली होती, आणि अध्यक्षांची गाडी सुटत होती.

आणि मग मला आठवलं की त्या सभेत हेही माझ्या शेजारीच बसले होते. त्या अख्ख्या शाळेत माझं भाषण कळलेला हा एकटा माणूस. घरी येताना त्यांनी वाटेत मोगऱ्याचा गजरा घेतला होता आणि "छान बोललीस" एवढंच म्हणाले होते. पुढे मी ते भाषण हजारदा सांगितलं तेव्हा समोर बसून सुपारी कातरत राहिले. एकदाही म्हणाले नाहीत की अगं, ते कुणाला कळलं नव्हतं.

नगरसेविका म्हणाली, "मग आता सांगा ना, पाट्टी. तमिळमध्ये. आम्हालाही कळू दे काय बोलला होता."

मॅनेजर माझ्याकडे बघून मान हलवत होते, म्हणजे तो जुना विषय राहू द्या. मी मागे पाहिलं. शेवटच्या रांगेत माझी भाडेकरीण बसली होती. रविवार असून मागावरून उठूनच आलेली, खांद्यावर लाल रेशमाचा धागा लोंबत होता. ती हसत नव्हती.

मग मी सांगितलं. सावकाश, तमिळमध्ये, मूठ न आपटता. म्हटलं, मी तेव्हा म्हणाले होते की नवं घर एकदा उभं राहिलं की ते उभं असेपर्यंत घरपट्टी भरतं. त्याच्या पट्टीतून तुमच्याही नळाची दुरुस्ती होते. पण घर बांधताना माणसाच्या हातात काही उरलेलं नसतं. बायकोच्या कानातलंसुद्धा विटांत गेलेलं असतं. नेमक्या त्याच वेळी तुम्ही त्याच्यापुढे हात पसरता. तो देतो, पण खोली कमी करून देतो. आणि ती खोली मग कधी बांधली जात नाही. म्हटलं, सगळ्यांनी मिळून थोडं थोडं, वर्षानुवर्षं भरायचं, तीच घरपट्टी. आधी आलेल्यांनी नंतर येणाऱ्यांकडून दार उघडायचे पैसे घेतले, तर तुमच्या आधी आलेलेही कुणीतरी होते.

शेवटचं वाक्य तेव्हाही मला फार आवडलं होतं. तेव्हा ते वाया गेलं.

"अम्मा," मॅनेजर कळवळून म्हणाले, "हे आपलं भाषण नाही. हे त्यांचं आहे!"

"माझंच आहे. तेव्हा ऐकू गेलं नाही म्हणून परत केलं."

"मग आमच्या पेन्शनीतून गटार बांधायचं? पाट काय आम्ही बुजवला?"

हा प्रश्न बरोबर होता आणि माझ्या जुन्या भाषणात त्याला उत्तर नव्हतं. असणार कसं? आम्हाला जमीन शेतकऱ्याने विकली होती, तो पाट तसाच ठेवून निघून गेला होता. मी म्हटलं, "पाट तुम्ही नाही बुजवला आणि या पोरांनीही नाही. ज्याने बुजवला त्याने प्लॉट विकताना गटार, बाग, दिवे सगळं चित्रात दाखवून पैसे घेतलेत. त्याची कमानीपलीकडची आणखी जमीन मंजुरीला थांबलीय ना? विकास त्याने केला, मग विकास शुल्क त्याच्याकडून घ्या. राहिलेलं सगळ्यांच्या घरपट्टीवर घाला. माझ्याही."

उजवीकडच्यांनी टाळ्या वाजवल्या. डावीकडचे माझ्याकडे बघत राहिले, मी विरुद्ध मांडवात जाऊन जेवल्यासारखे. मागचे म्हातारे म्हणाले, "आज कळलं, अम्मा. पण शाप जास्त चांगला होता."

त्या दिवशी निकाल काही लागला नाही. सभेत तो कधीच लागत नाही. बिल्डरने बरेच महिने ओढलं, पण मंजुरी अडली तेव्हा त्याने शुल्क भरलं, सगळं नाही पण मोठा भाग. लहान घरांना शुल्क लावायचं नाही असं ठरलं. वॉर्डाची घरपट्टी वाढली. माझीही वाढली, गच्चीवरच्या पत्र्यासकट. मॅनेजर मला दिसले की वर्तमानपत्र वर करायचे. मीही मुद्दाम त्यांच्या फाटकाशी थांबून पदर सारखा करायचे.

गटाराचं काम सुरू झालं ते नदीच्या बाजूने, कारण गटार उताराच्या टोकाकडूनच खणत आणतात. हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्यामुळे दिवाळीच्या पावसाआधी ते नव्या नगरापर्यंत पोचलं आणि तिथेच थांबलं. आमच्या गल्लीत त्या वर्षीही पाणी. मॅनेजर पँट गुडघ्यापर्यंत वर करून माझ्या ओट्याशी आले आणि इतक्या महिन्यांनी बोलले, "झालं तुमचं समाधान?" मी त्यांना वर बोलावलं. कॉफी दिली. पाणी उतरेपर्यंत त्यांना जाता येईना, मग बोलावंच लागलं.

माझी भाडेकरीण मात्र त्याआधीच राहायला गेली होती. नवीन घरात गृहप्रवेशाचं दूध उतू घालवायला मला पहाटे रिक्षाने नेलं. पुढची खोली मागाची, खिडकी डावीकडे. माझ्या मागच्या खोल्या रिकाम्या झाल्या. त्यांचीही घरपट्टी भरावी लागते, यंत्राला रिकामं-भरलेलं काही कळत नाही. संध्याकाळी ओट्यावर मी एकटी बसते, आणि कधीकधी मॅनेजर.

पाऊस थांबल्यावर मी तिच्याकडे गेले. मला एकच बघायचं होतं. मागाच्या खड्ड्यात पाणी शिरलं की पावड्या फुगतात, दोऱ्या कुजतात, महिनाभर काम बंद. खड्डा कोरडा होता. तळाला हात पोचेना म्हणून मी काठावर बसून पाय आत सोडले आणि तळव्याने तपासलं. कोरडा, थंड. मागावर ताण्याचं लाल रेशीम चढलेलं होतं. मी एक पावडी दाबून पाहिली, वर काहीतरी खट्‌कन हललं आणि ती ओरडली, "पाट्टी, साडीला हात लावू नका!"

"पाय लावलाय," मी म्हटलं.

मग उठायचं म्हटलं तर उठता येईना. गुडघे खड्ड्यात अडकले ते अडकलेच. तिने एका बाजूने धरलं, नवऱ्याने दुसऱ्या बाजूने. ओढता ओढता ती हसत म्हणाली, "बघा, पाट्टी, तेव्हा तुमच्या मोझॅकमध्ये खड्डा खणू दिला असता तर आज ही सवय असती."

मी तिला तोडीस तोड उत्तर दिलं, चांगलं लांबलचक. बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं की ते मी मराठीत दिलं. ती "सरी, पाट्टी" म्हणाली आणि मागावर जाऊन बसली.